‘जमा’ कोणाची आणि ‘नावे’ कोणाच्या? : उच्च माध्यमिक लेखाकर्माच्या भाषेचे एक परीक्षण

व्यवसायशिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा साधने, अनुदान आणि रोजगार ह्या तीन मुद्द्यांभोवती फिरते. ज्या भाषेतून तो व्यवसाय विद्यार्थ्यास शिकविला जातो, तिचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत टिपणात अकरावी-बारावीच्या ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’ ह्या विषयाची मराठी तपासावयाची आहे. निमित्त लहानसेच घडले. नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा परिसरातून आलेल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, “पैसे हातात आले तर ते जमा, मग पुस्तकात रोख खाते ‘नावे’ का?” प्रश्न लेखाशास्त्राचा वाटतो, माझ्या मते तो मुळात भाषेचा आहे.

ह्या विषयाची परिभाषा एकजिनसी नाही, आणि तो तिचा दोषही नव्हे. ‘रोजकीर्द’, ‘तेरीज’, ‘जमा’, ‘कसर’ हे शब्द फारसी-अरबी परंपरेतून दप्तरात आले. ‘घसारा’ हा ‘घासणे’ ह्या धातूशी नाते सांगणारा अस्सल घरगुती शब्द. ‘पुस्तपालन’ हे मात्र इंग्रजी नावाचे अवयवशः केलेले भाषांतर होय. ‘जमाखर्च’ हा जिवंत शब्द हाताशी असताना ते करण्याची निकड होती असे वाटत नाही. उलट ‘धनको’ आणि ‘ऋणको’ हे शब्द कोणास समितीने घडविलेले वाटतील, पण जुन्या कर्जरोख्यांतून ते सर्रास आढळतात. शिवकालीन ‘राजव्यवहारकोशा’त लेखनवर्ग आणि पण्यवर्ग असे स्वतंत्र वर्ग आहेत. म्हणजे हिशेबाच्या शब्दांची निवड ही आपल्याकडे तीनशे वर्षांहून जुनी चिंता आहे. तेव्हा शब्द कोठून आला हा प्रश्न गौण समजावा. वाक्यात तो कोणते काम करतो, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

‘नावे’ हे ‘नाव’ ह्या नामाचे विभक्तिरूप असून त्याला षष्ठीची अपेक्षा असते : ‘रामाच्या नावे’. जुन्या देशी वहीत ही षष्ठी कधी सुटत नसे. रामाकडून पाचशे रुपये आले की रोकडीच्या डाव्या बाजूस ‘जमा’कडे रामाचे पाचशे मांडले जात, त्याला दिले की उजव्या बाजूस त्याच्या ‘नावे’ पडत. दृष्टी त्या व्यक्तीच्या खात्याची असे. पाश्चात्त्य दुहेरी नोंद पद्धतीत, म्हणजे पाचोलीच्या १४९४ सालच्या ग्रंथाने युरोपात प्रसार पावलेल्या रीतीत, डावी बाजू ‘नावे’ची होते आणि रोकड हेच एक स्वतंत्र खाते बनते. आलेले पैसे रामाच्या खात्यास जमा होतात, तसेच ते रोख खात्याच्या नावे पडतात. दोन्ही पद्धतींत रामाचे खाते जमाच आहे. बदलले आहे ते रोकडीकडे पाहण्याचे स्थान. पाठ्यपुस्तकाने जुने शब्द घेतले, दृष्टिस्थान नवे घेतले, आणि षष्ठी गाळली. त्यामुळे ‘नावे’ हा संबंधवाचक शब्द केवळ डाव्या बाजूची खूण होऊन बसला.

ह्याहून विचित्र गोष्ट रोजकीर्दीच्या नोंदीत दिसते. ‘रोख खाते नावे, भांडवल खात्याला’ अशी तिची शालेय घडण आहे. हा ‘ला’ इंग्रजी शब्दयोगी अव्ययाचा तर्जुमा होय. परंतु मराठीत ‘देणे’ ह्या क्रियेच्या सान्निध्यात ‘ला’ घेणाऱ्यास लागतो : ‘रामाला दिले’. येथे तर तो देणाऱ्याच्या खात्यास लागला आहे. एकीकडे घेणाऱ्याच्या नावे आणि देणाऱ्याचे जमा हा नियम घोकून घ्यावयाचा, आणि दुसरीकडे त्याच नियमाची नोंद अशा प्रत्ययाने लिहावयाची, की भाषेचे स्वाभाविक ज्ञान विद्यार्थ्यास उलट दिशेस नेईल! मग त्याला आपली भाषा बाजूस ठेवून पाठांतराचा आश्रय घ्यावा लागतो. ह्या पाठांतराची परीक्षा बँक जुळवणी पत्रकात होते. आपल्या वहीत बँक खाते नावे, तर बँकेच्या पासबुकात तीच रक्कम जमा. दोन वह्या दोन निरनिराळ्या स्थानांवरून बोलत आहेत, हे ज्याला आरंभीच सांगितलेले नाही, त्याला हे प्रकरण कोडे वाटले तर नवल नाही.

पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यास हा अडथळा शिकवणीने ओलांडता येईल. नंदुरबारमध्ये गोष्ट निराळी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ह्या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिली, मावची, अहिराणी आणि शेजारची गुजराती अशा भाषांच्या सान्निध्यात येथील मूल वाढते. ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात भिली आणि खानदेशी एकत्र वर्णिल्या, त्या ह्याच पट्ट्यातील. प्रमाण मराठी ही त्याची दुसरी भाषा असते आणि लेखाकर्माची मराठी ही जवळजवळ तिसरी. शिवाय महाराष्ट्रात हिशेबाचा कागद निरुपद्रवी राहिलेला नाही. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. १९७१-७२ च्या सुमारास शहाद्यात आदिवासींनी गेलेल्या जमिनींसाठी चळवळ उभारली. खते दुसऱ्याने लिहावीत आणि अंगठा आपण उठवावा, ही स्थिती ज्यांच्या आजोबांनी भोगली, त्यांच्या नातवंडांस ‘नावे’ म्हणजे कोणाच्या नावे, हे नीट कळणे ही केवळ गुणांची बाब नव्हे.

१९८८ नंतर किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाले, तेव्हा हिशेबनिशी हाताने करून शिकावी हा हेतू होता. हेतू योग्यच, पण हाताला वळण लागले तरी नोंदीचा अर्थ भाषेतूनच कळावयाचा असतो. संगणकावर नोंदी करणाऱ्यासही ‘डेबिट’ कोणाचे हा प्रश्न सुटत नाही.

ह्यावर जुनी देशी वही परत आणावी असे कोणी सुचवील. ते मला मान्य नाही. बँक, कर आणि लेखापरीक्षण ह्यांची रीत आज एक झाली आहे आणि विद्यार्थ्यास तिच्यातच वावरावयाचे आहे. सुधारणा लहान हव्यात. पहिली, आरंभीच्या प्रकरणांत षष्ठी गाळू नये. ‘रोख खात्याच्या नावे, भांडवल खात्याचे जमा’ असे पूर्ण लिहावे, म्हणजे तो ‘ला’ आपोआप गळेल. दुसरी, पहिला धडा दोन वह्यांचा असावा : बचत गटाची वही आणि सभासदाचे पुस्तक. आईने गटात भरलेले शंभर रुपये गटाच्या वहीत तिचे जमा आणि तिच्या हिशेबात गटाच्या नावे, हे दहा मिनिटांत दाखविता येते. तिसरी, शिक्षकाने देणे, घेणे, उधार ह्यांचे घरच्या बोलीतील शब्द वर्गात मागवून फळ्यावर लिहावेत.

त्या विद्यार्थ्यास मी एवढेच सांगितले : पैसे तुझ्याकडे आले, म्हणून देणाऱ्याचे जमा, आणि तुझ्या रोकडीने ते घेतले, म्हणून तिच्या नावे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे रोकड माझी देणेकरी.” पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असावयास हवे होते, ते हेच वाक्य.