न झालेल्या मैफली

वादकावर लेख लिहायचा म्हणजे त्याने कुठे कुठे काय वाजविले हे सांगायची रीत आहे. आडॉल्फ बुश या जर्मन व्हायोलिनवादकाच्या बाबतीत मात्र मला आधी आठवतात त्या त्याने न वाजविलेल्या मैफली.

१ एप्रिल १९३३. हिटलर सत्तेवर येऊन दोन महिने झाले होते. ज्यूंच्या दुकानांवर बहिष्काराचा हुकूम सुटला होता आणि दारादारांत तपकिरी गणवेशाचे पहारे बसले होते. त्याच दिवशी बर्लिनमध्ये बुश आणि त्याचे तीन सोबती हायडनची एक रचना वाजवीत होते. क्रुसावरच्या येशूचे सात अखेरचे उद्गार, हा त्या रचनेचा विषय. कार्यक्रम पार पडला, आणि बुशने जर्मनीतले पुढचे सगळे कार्यक्रम रद्द करून टाकले.

तो स्वतः ज्यू नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. गप्प बसला असता तर त्याच्या केसालाही धक्का लागला नसता. मानमरातब मिळाला असता तो वेगळाच. त्याचा जन्म १८९१ चा, झीगन गावचा. बाप व्हायोलिने करी आणि वाजवीही. अशा घरातून निघालेला हा मुलगा कलोनला शिकला आणि १९१८ मध्ये, सत्ताविशीतच, बर्लिनच्या संगीत विद्यालयात प्राध्यापक झाला. पुढल्याच वर्षी त्याने आपल्या नावाचा चौघा वादकांचा संच उभा केला. (‘चौकडी’ म्हटले असते, पण तो शब्द आपण फार बदनाम करून ठेवला आहे!) दोन व्हायोलिने, एक व्हायोला, एक चेलो. यात कुणी साथीदार नसतो. चौघांनाही बोलायचे असते आणि चौघांनाही ऐकायचे असते.

१९२० साली व्हिएन्नात त्याला सतरा वर्षांचा एक पियानोवादक भेटला. रुडॉल्फ सेर्किन त्याचे नाव, घराणे ज्यू. हा मुलगा बुशच्या बिऱ्हाडातच राहू लागला, आणि १९३५ मध्ये त्याचा जावई झाला. घरच्या पोराला व्यासपीठावरून खाली उतरवायचे आणि आपण मात्र वर बसून वाजवायचे, हे बुशच्याने होणे नव्हते. तो १९२७ पासूनच स्वित्झर्लंडमधील बाझेलला राहत होता. १९३५ मध्ये त्याने तिथले नागरिकत्व घेतले. १९३८ साली इटलीत ज्यूविरोधी कायदे आले, तेव्हा तिथेही वाजविणे त्याने सोडले.

कलावंताने राजकारणात पडू नये, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. फुर्टवेंग्लरसारखा थोर वाद्यवृंद-संचालक जर्मनीतच राहिला, आणि त्यामुळे लोकांना बीथोव्हेन ऐकायला मिळाला, असे त्याच्या बाजूने सांगतात. हा युक्तिवाद मला एके काळी पटत असे. बुशने आपल्याच श्रोत्यांना उपाशी ठेवले, त्यांतल्या बऱ्यावाईटाची निवड केली नाही, ही टोचणी आजही माझ्या मनातून पुरती गेलेली नाही. पण त्याच्या १९३७ च्या तबकड्या ऐकल्यावर माझे पारडे फिरले.

त्या आहेत बीथोव्हेनच्या १३२ क्रमांकाच्या रचनेच्या. १८२५ साली मोठ्या दुखण्यातून उठल्यावर बीथोव्हेनने देवाचे आभार मानण्यासाठी तिचा मधला संथ भाग लिहिला, आणि त्याला युरोपातली एक जुनी चर्चमधली स्वरपंक्ती वापरली. आपल्या हिशेबाने तिच्यात मध्यम तीव्र. म्हणजे स्वर कल्याण थाटाचे. कान आपोआप ओळख धरतो, पण राग मात्र कुठे सापडत नाही! बुश आणि मंडळी हा भाग इतक्या सावकाश घेतात की आता गज थांबणार असे वाटते. स्वरावरचा कंप अगदी बेताचा. गोडवा आणण्याची खटपट नाही. अंथरुणातून उठलेल्या माणसाने भिंतीला धरून पहिली चार पावले टाकावीत, तसे ते स्वर येतात. मग मधेच अंगात बळ आल्यासारखी लय उसळते, आणि पुन्हा तीच संथ प्रार्थना. हे वाजविताना चौघांपैकी एकानेही दुसऱ्याला मनातून वगळलेले असते, तर ते असे वाजले नसते, असे मला वाटते. माझे हे म्हणणे शास्त्राला धरून नसेल. कानाला धरून आहे.

बुशचे वादन निर्दोष होते असे मात्र नाही. आवेशाच्या जागी गज खरखरतो, स्वर क्वचित ढळतो. हायफेट्झची काचेसारखी सफाई ज्यांना हवी, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. १९३५ मध्ये त्याने बाखच्या ब्रांडेनबुर्ग रचना ध्वनिमुद्रित केल्या, त्यांत सेर्किनचा पियानो आहे. बाखच्या काळचे वाद्य हवे म्हणणाऱ्या पंडितांना तो खटकतो. खटको बापडा! पाचव्या रचनेत सेर्किन एकटा धावत सुटतो आणि सगळा वाद्यवृंद गप्प राहून त्याला वाट देतो, ते ऐकताना माझ्या तरी डोक्यात पांडित्य येत नाही.

त्याच्या शिष्यांत जगाला ठाऊक असलेले नाव यहुदी मेन्युहिनचे. १९२७ साली न्यूयॉर्कला या अकरा वर्षांच्या पोराने बीथोव्हेनचा कन्चेर्टो वाजविण्याचा हट्ट धरला, तेव्हा संचालक होता बुशचा थोरला भाऊ फ्रिट्झ. आधी तो राजीच नव्हता. पोराने वाजवून त्याला राजी केले. पुढे हा मुलगा बाझेलला आडॉल्फकडे शिकला. गंमत पाहा: १९४७ मध्ये बर्लिनला जाऊन फुर्टवेंग्लरबरोबर वाजविले ते याच ज्यू शिष्याने. गुरूने ज्यूंसाठी दार लावले आणि ज्यू शिष्याने ते उघडले. दोघांत चुकले कुणाचे, असे वर्गातल्या मुलांनी मला विचारले तर मी तास संपल्याची घंटा होण्याची वाट पाहीन. हाच मेन्युहिन १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आला, हे आपल्याकडच्या जुन्या रसिकांना ठाऊक आहे.

१९३९ मध्ये बुश अमेरिकेत गेला. पुढल्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आला. युरोपात जी कीर्ती होती ती तिथे पुन्हा उभी राहिली नाही. १९४६ मध्ये पत्नी फ्रीडा गेली. महायुद्धानंतर तो जर्मनीत वाजवायला गेला, पण राहायला गेला नाही. १९५१ साली व्हर्मांटच्या डोंगराळ मुलुखात, मार्लबरो येथे, त्याने सेर्किन आणि इतरांच्या मदतीने उन्हाळी संगीतशाळा काढली. नामांकित वादकाने आणि विशीतल्या पोराने एकाच संचात बसायचे, अशी तिची पद्धत. पोराला सूचना देत बसण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून वाजविणे गुरूला अधिक जड जाते, हे माझ्यासारख्या शाळामास्तराला कुणी समजावून सांगायला नको.

बुश ९ जून १९५२ रोजी वारला. शाळेचा दुसरा उन्हाळा तोंडावर आला होता. त्या उन्हाळ्यात पोरे आली, आणि सेर्किन त्यांच्याबरोबर वाजवायला बसला.