अल्सरची गोष्ट: पेला आणि पुरावा

पेप्टिक अल्सर म्हणजे जठराच्या किंवा आद्यांत्राच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) अस्तराला पडणारा व्रण. हा आजार एके काळी आयुष्यभर पाठ सोडत नसे. आता बहुतेक रुग्णांत तो दोनेक आठवड्यांच्या औषधांनी बरा होतो आणि बराच राहतो. रोगनिदान व उपचार यांतील प्रगतीचे उदाहरण वर्गात द्यायचे तर अनेक शिक्षकांना हेच प्रथम आठवते. त्याला एक कारण एनसीईआरटीचे इयत्ता नववीचे विज्ञानाचे पुस्तक हे आहे. २००६ साली आलेल्या या पुस्तकात आजारपणाच्या प्रकरणात अल्सरवर एक चौकट होती. २०२२ सालच्या अभ्यासक्रम-कपातीत ते प्रकरणच वगळले गेले. पण मधल्या काळात ती गोष्ट पुस्तकातून शिक्षकांच्या बोलण्यात उतरली होती व तिथे ती अजून आहे. म्हणून तिचे परीक्षण करणे आम्हांला आवश्यक वाटते.

चौकटीचा आशय असा: ताणतणाव व त्यामुळे वाढणारे आम्ल यांनी अल्सर होतो, असे सगळेच मानत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरेन यांना रुग्णांच्या जठरात वक्राकार जिवाणू दिसले. बॅरी मार्शल यांनी ते प्रयोगशाळेत वाढवले. जिवाणू मारले तरच अल्सर बरा होतो, हे दोघांनी दाखवले. त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या चौकटीचे गुण आधी नोंदवायला हवेत. मार्शल यांच्या प्रसिद्धीत वॉरेन अनेकदा हरवतात. इथे ते आधी येतात. उपचारांच्या अभ्यासांचा उल्लेखही आहे. उणीव आहे ती, हे ज्ञान कसे मिळाले याविषयी ती जवळजवळ काहीच सांगत नाही ही. ती रिकामी जागा मग शिक्षक एका खमंग प्रसंगाने भरतात: कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शल यांनी जिवाणूंचा पेलाच पिऊन टाकला आणि सर्वांची तोंडे बंद केली!

पेल्याने काय सिद्ध झाले?

१९८४ साली मार्शल यांनी जिवाणूंचे संवर्धन असलेले द्रव खरोखरच प्यायले. काही दिवसांत त्यांना उलट्या होऊ लागल्या. दहाव्या दिवशी दुर्बिणीने तपासणी केली, तेव्हा जठराच्या अस्तराला दाह झालेला व तिथे जिवाणू आढळले. अल्सर मात्र झालेला नव्हता. म्हणजे निरोगी जठरात हा जिवाणू शिरला तर दाह होऊ शकतो, एवढेच या धाडसातून दिसले. तेही एका माणसात. अल्सरचे कारण त्यातून सिद्ध झाले नाही. तसा दावा वर्गात करणे म्हणजे एका उदाहरणावरून नियम काढायला शिकवणे होय.

शंका घेणारे मूर्ख होते का?

‘सगळे चुकीचे मानत होते’ या वाक्याने जुन्या डॉक्टरांवर अन्याय होतो. आम्ल कमी केले की अल्सर भरून येतो, हे रोजच्या अनुभवाचे होते. १९७६ साली ब्रिटनमध्ये आलेल्या सिमेटिडिन या औषधाने शस्त्रक्रियांची गरज खूपच कमी केली. त्याचे जनक जेम्स ब्लॅक यांनाही १९८८ साली नोबेल मिळाले. जठरात जिवाणू राहत नाहीत या समजुतीलाही आधार होता. अमेरिकेत एडी पामर यांनी १९५४ साली १,१८० जणांच्या जठराचे नमुने तपासले आणि त्यांना असा एकही जिवाणू आढळला नाही. त्यांनी वापरलेल्या रंजनात तो नीट दिसत नाही. वॉरेन यांनी चांदीच्या क्षाराचे रंजन वापरले म्हणून तो स्पष्ट दिसला. ज्या साधनाने आपण पाहतो त्याची मर्यादा न पाहिल्याने काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. चौकटीत ते नाही.

सर्वांत मोठी शंका वेगळीच होती. हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने आज ओळखला जाणारा हा जिवाणू गेल्या शतकाच्या अखेरीस जगातील सुमारे निम्म्या लोकांच्या जठरात होता, आणि त्यांतील बहुसंख्यांना अल्सर कधीच होत नाही. मग तो कारण, की आधीच बिघडलेल्या अस्तरावर येऊन बसलेला पाहुणा? हा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर पेल्यात नव्हते.

भरून येणे आणि पुन्हा होणे

‘जिवाणू मारले तरच अल्सर बरा होतो’ हे विधान जसेच्या तसे खरे नाही. मार्शल, वॉरेन व सहकाऱ्यांचा १९८८ सालचा अभ्यास पाहू. आद्यांत्राचा अल्सर व जिवाणू दोन्ही असलेले १०० रुग्ण त्यांनी घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने त्यांचे गट पाडले. काहींना सिमेटिडिन, काहींना बिस्मथ. आणि त्याच्या जोडीला टिनिडाझोल हे प्रतिजैविक किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. जिवाणू टिकून राहिले त्या रुग्णांतही ६१ टक्के अल्सर भरून आले! जिवाणू गेले त्यांच्यात ९२ टक्के भरून आले. खरा फरक पुढे वर्षभरात दिसला: पहिल्यांपैकी ८४ टक्क्यांचा अल्सर उलटला, दुसऱ्यांपैकी फक्त २१ टक्क्यांचा. जुन्या औषधांनी व्रण भरत होता, पण आजार जात नव्हता. आयुष्यभर गोळ्या का घ्याव्या लागत, याचा उलगडा इथे होतो. चौकटीतील ‘तरच’ या शब्दाने नेमका हाच उलगडा झाकला.

तरीही चोखंदळ वाचकाने विचारावे: गुण जिवाणू गेल्याचा, की बिस्मथचाच काही वेगळा? व्हिएन्नातील संशोधकांनी १९९३ साली या प्रश्नाची सोय लावली. त्यांनी बिस्मथ वगळले. सर्व रुग्णांना रॅनिटिडिन हे आम्लरोधक दिले. निम्म्यांना जोडीला दोन प्रतिजैविके, निम्म्यांना निष्क्रिय गोळ्या. वर्षभरात प्रतिजैविके घेतलेल्या ५० पैकी ४ जणांना अल्सर पुन्हा झाला; निष्क्रिय गोळ्या घेतलेल्या ४९ पैकी ४२ जणांना. १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञसभेने अशा रुग्णांना प्रतिजैविके द्यावीत असे सांगितले. वैद्यकाने मत बदलले ते या आकड्यांमुळे.

याची उलट बाजूही आहे. ग्रीसमधील डॉ. जॉन लायकूडिस यांनी १९५८ पासून अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविके दिली. त्यांचा अंदाज बरोबर होता. पण औषध दिलेल्या व न दिलेल्या रुग्णांची रीतसर तुलना त्यांच्यापाशी नव्हती. कोणी ऐकले नाही, वर दंड झाला. बरोबर असणे आणि बरोबर असल्याचे दाखवता येणे, यांत एवढे अंतर असते.

हे अंतर शिकवणे का महत्त्वाचे? ‘मार्शललाही लोक हसले होते’ हे वाक्य रामबाण औषध विकणाऱ्या कोणाच्याही तोंडी शोभते. मधुमेह मुळासकट घालवणारा काढा विकणाराही स्वतःला उपेक्षित संशोधक म्हणवतो. पेल्याची गोष्ट ऐकून मोठा झालेला विद्यार्थी त्याच्यावर विश्वास ठेवील. व्हिएन्नातील आकडे समजलेला विद्यार्थी विचारील, ‘ज्यांना काढा दिला नाही त्यांचे काय झाले?’

चौकटीबाहेर राहिलेले

अल्सरचे दुसरे मोठे कारण चौकटीत नाही: वेदनाशामक गोळ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे जठराच्या अस्तराचे संरक्षण दुबळे करतात. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे दुकानातून अशा गोळ्या आणणारी आजी बहुतेक विद्यार्थ्यांच्या माहितीची असते. अशा व्यक्तीला डांबरासारखा काळा शौच झाला, तर तो आत रक्तस्राव होत असल्याचा इशारा असू शकतो व लगेच डॉक्टरांकडे जायला हवे. एवढे एक वाक्य चौकटीत असते, तर ते नोबेलच्या सालापेक्षा अधिक उपयोगी पडले असते.

दुसरे, प्रतिजैविकांचा ‘अल्प मुदतीचा’ उपचार आता तितका सोपा उरलेला नाही. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणाऱ्या हेलिकोबॅक्टरचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली नव्या औषधांची निकड असलेल्या जिवाणूंच्या यादीत केला. अर्धवट सोडलेली प्रतिजैविके हे त्यामागचे एक कारण आहे.

वर्गात काय करता येईल?

आम्लात जिवाणू जगतो कसा, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. तो युरिएज हे विकर तयार करतो. या विकरामुळे युरियापासून अमोनिया बनतो व जिवाणूभोवतीचे आम्ल उदासीन होते. निदानाच्या दोन चाचण्या यावरच आधारलेल्या आहेत: जठराच्या अस्तराचा तुकडा युरिया व दर्शक असलेल्या जेलीत ठेवून रंग बदलतो का पाहणे, आणि खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देऊन तो कार्बन श्वासात येतो का पाहणे. कच्च्या सोयाबीनमध्येही युरिएज असते. न भाजलेल्या सोयाबीनचे पीठ युरिया खताच्या द्रावणात कालवून ठेवा. काही वेळाने हळदीचा ओला कागद त्यात बुडवला की लालसर होतो. निव्वळ युरियाच्या द्रावणात व निव्वळ पिठाच्या पाण्यातही कागद बुडवायला विसरू नये. तुलना नसेल तर प्रयोग नाही.

मग फळ्यावर व्हिएन्नाचे चार आकडे लिहावेत: ५० पैकी ४, ४९ पैकी ४२. टक्केवारी मुलांनी काढावी. निष्क्रिय गोळ्या कशासाठी दिल्या, गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे का पाडले, वर्षभर वाट का पाहिली, या तीन प्रश्नांवर एक तास सहज जातो. पेल्याची गोष्ट त्यानंतर खुशाल सांगावी, आणि तिच्यातून काय सिद्ध झाले नाही हे मुलांनाच विचारावे.