पुसदच्या स्टँडवर लावून दाखवा

मराठीत खुनाची हकिकत सांगणाऱ्याला हल्ली स्वतःचा आवाज उरलेला नाही. घसा थोडा खाली उतरवलेला, दर तिसऱ्या वाक्याला थांबा, मागे दबकं गुरगुरणारं संगीत आणि पहिल्याच मिनिटाला ‘पण त्या संध्याकाळी तिला काय ठाऊक होतं’ छापाचं एखादं वाक्य. खून साताऱ्यातला असो की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातला, कुत्री तशीच भुंकतात, पाऊस तसाच पडतो आणि मेलेली बाई हटकून ‘दिसायला सुंदर’ निघते. मध्यंतरी अशाच एका पॉडकास्टमध्ये निवेदकानं आमच्या बाजूच्या एका गावाला ‘डोंगराच्या कुशीतलं शांत, निसर्गरम्य गाव’ म्हटलं. पुसदच्या एका पानठेल्यावर फोनच्या स्पीकरवर ते चालू होतं. ऐकणाऱ्यांपैकी दोघं त्या गावच्या बाजाराला नेहमी जाणारे. खून अजून व्हायचा होता, आणि ते दोघं हसत होते.

गुन्हेकथा ऐकावीशी वाटणं हा काही आजार नव्हे. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार ज्यांनी रात्री जागून वाचला आणि एसटी स्टँडवरच्या स्टॉलला अडकवलेला ‘पोलीस टाइम्स’ ज्यांनी विकत न घेता चाळला, त्यांनी नव्या पिढीपुढे नाक मुरडू नये. माझी तक्रार ऐकणाऱ्यांबद्दल नाही. आज या प्रकारातली खरी समीक्षा ऐकणारेच करताहेत आणि सांगणाऱ्यांना तिचा पत्ता नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आमच्याकडे या गोष्टी एकट्यानं, कानात यंत्र खुपसून ऐकायची रीत अजून पक्की झालेली नाही. कटिंगच्या दुकानात, जीनिंगच्या गेटवर, नांदेडला निघालेल्या गाडीत त्या मोठ्यानं लागतात, आणि मोठ्यानं लागल्या की माणसं मधे बोलतात. काय बोलतात? पहिला प्रश्न ठरलेला: ‘कोनाचा पोट्टा व्हय?’ मग, ‘नेमकं कुठं झालं हे?’ आणि सगळं संपल्यावर, निवेदक गंभीर आवाजात निरोप घेत असताना, ‘सुटला का मंग थो?’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरं न देता तासभर बोलत राहणं ही आजच्या मराठी गुन्हेकथनाची कमाई आहे.

मधला प्रश्न सोपा वाटतो, पण निवेदकाची पहिली फजिती तिथेच होते. पुसदमध्ये शहर, ग्रामीण आणि वसंतनगर अशी तीन पोलीस ठाणी. गुन्हा कुठल्या हद्दीत घडला हे समजलं की इथला माणूस वस्ती, रस्ता, जवळचा नाला, रात्री तिथे कोण जागं असतं हे सगळं मनात मांडून घेतो. निवेदक ‘घटनास्थळी’ म्हणून पुढे सरकतो.

पहिला प्रश्न मात्र जड आहे. ‘कोनाचा’ म्हणजे कुठल्या घरचा, आणि कुठल्या घरचा म्हणजे बहुतेक वेळा कुठल्या समाजाचा. हे विचारणं ओंगळ आहे, मान्य. पण विचारणाऱ्याला पक्कं माहीत असतं, की खून हवेत होत नाहीत. ते बांधावर, वाटणीत, उधारीत, पंचायतीच्या राजकारणात आणि जातीत होतात. सांगणारा सभ्यपणाच्या नावाखाली हे सगळं गाळतो. मग कारण म्हणून त्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात: ‘संबंध’ आणि ‘विकृती’. त्यावर ऐकणाऱ्यातला कुणी ‘पोरगीच तशी असंल’ म्हणाला, की आपण त्या माणसाला मागासलेला ठरवतो. त्याला ते वाक्य पुरवलं कोणी? खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं आणि पहिल्यांदा ती बातमी अनैतिक संबंधांची म्हणून फिरली. लोक रस्त्यावर उतरायला महिना लागला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली, पण अॅट्रॉसिटीचा कायदा दोन्हीकडे लागला नाही. आजचा सरासरी पॉडकास्ट त्यावेळी असता तर त्यानं त्या पहिल्या बातमीचाच भाग केला असता, मागे पावसाचा आवाज टाकून.

पडद्यावरचा हिशेब झटपट उरकतो. ‘देवमाणूस’ मालिकेनं वाईच्या डॉक्टराची केस उचलली आणि सासू-सुनांच्या वेळेत खुनाला जागा करून दिली, त्यापलीकडे तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ‘पोशम पा’ सिनेमात गावित मायलेकींचं कोल्हापूर दिसत नाही. ‘२०० हल्ला हो’ हा सिनेमा म्हणजे भाषण आहे. ‘देसी क्राइम’सारखे इंग्रजी-हिंदी मिसळीतले पॉडकास्ट चटपटीत आहेत आणि त्यांचा ऐकणारा कुठल्याच गावचा नाही.

‘मानवत मर्डर्स’ला इतक्या सहज मोडीत काढता येत नाही. ‘आत्मपॅम्फ्लेट’वाल्या आशीष बेंडे यांनी २०२४ मध्ये केलेली ही मालिका मेहनतीची आहे, मकरंद अनासपुरेंचा उत्तमराव बोलायला लागला की मराठवाडा ऐकू येतो, आणि हे श्रेय लहान नाही. पण ती चालते रमाकांत कुलकर्णींच्या डोळ्यांनी. १९६८ साली रामन राघवचा तपास करणारा मुंबईचा अधिकारी परभणी जिल्ह्यात उतरतो आणि त्याच्या जीपच्या काचेतून आपण गाव पाहतो. कुलकर्णींच्या आठवणींवर आधारलेली म्हटल्यावर ते साहजिक आहे. नावाचं काय करायचं? मानवत पुसदहून फार लांब नाही. हिंगोली आणि परभणी ओलांडली की आलंच. तिथे माणसं राहतात, पोरी शाळेत जातात, लग्नं जमतात. याच प्रकरणावर अमोल पालेकरांनी १९८१ मध्ये ‘आक्रित’ केला, तेंडुलकरांच्या पटकथेवर, नावं बदलून. मानवत हे नाव न वापरताही त्या सिनेमात जे भय आहे त्याच्या जवळपास आठ भागांची मालिका येत नाही. पुसद म्हटलं की आज लोकांना वसंतराव आणि सुधाकरराव नाईक आठवतात, गहुली आठवतं, एका तालुक्यानं दिलेले दोन मुख्यमंत्री आठवतात. उद्या कुणी ‘पुसद मर्डर्स’ नावाची मालिका काढली तर ते नाव पुसायला किती मुख्यमंत्री लागतील?

आता मला आवडलेल्या कामाबद्दल. उमेश कुलकर्णी यांनी २०२२ मध्ये नेटफ्लिक्ससाठी केलेली तीन भागांची ‘मर्डर इन अ कोर्टरूम’ मी एकाहून अधिक वेळा पाहिली आणि दर वेळी डोळे मिटून नुसती ऐकण्याचाही प्रयत्न केला, कारण तिचं बळ आवाजात आहे. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा कोर्टात कस्तुरबानगरच्या बायकांनी वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादवला मारलं. त्या बायका इथे स्वतः बोलतात. वस्तीच्या भाषेत बोलतात, आणि त्यांना पुसून, चोपून प्रमाण मराठीत कुणी बसवलेलं नाही. त्यांचं ऐकताना कळतं, की खून म्हणजे एका दुपारची घटना नव्हती. त्याआधी कित्येक वर्षं दार वाजलं की काय करायचं, पोलीस चौकीत जायचं की नाही, कुणाच्या घरात पोरी झोपवायच्या, असा रोजचा संसार होता. तिथे रहस्य नाही, कोणी मारलं हे पहिल्या मिनिटाला ठाऊक असतं, तरी आपण बसून राहतो. या प्रकरणातले आरोपी २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटले, आणि तो निकाल गोष्टीचा शेवट न वाटता गोष्टीचाच एक भाग वाटतो. ‘२०० हल्ला हो’ याच घटनेवरून निघाला होता. एकाच खुनावर दोन वर्षांत निघालेली ही दोन कामं शेजारी ठेवली की बाईच्या वतीनं बोलणं आणि बाईला बोलू देणं यातलं अंतर मोजता येतं.

हीच वाट पॉडकास्टनं घ्यायला हवी होती. आवाजाचं माध्यम, स्वस्त, जिल्ह्याच्या बोलीला मोकळं. एक रेकॉर्डर आणि दोन दिवसांची सवड असलेला पोरगा वऱ्हाडीत, बंजारा बोलीत, कोलामांच्या पोडावर जाऊन माणसं ऐकू शकतो. तसं कुणी करत नाही. सगळे फिरून जोशी-अभ्यंकरांकडे येतात. १९७६-७७ मधले पुण्यातले ते दहा खून, जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शाह, १९८३ ची येरवड्यातली फाशी. प्रत्येक मराठी निवेदकानं हा भाग केलेला आहे आणि प्रत्येकानं आपणच तो पहिल्यांदा करतोय असा आव आणलेला आहे. पुण्याचा खून इतिहास होतो, विदर्भाचा खून आतल्या पानावरची दोन ओळींची बातमी राहतो. भांडारकर रस्ता कधी न पाहिलेला पुसदचा माणूस त्याचा नकाशा पाठ म्हणून दाखवतो आणि स्वतःच्या तालुक्यातल्या गाजलेल्या खटल्याचा निकाल काय लागला ते त्याला सांगता येत नाही.

कारण निकाल कुणी सांगितलेलाच नसतो. इथे तिसरा प्रश्न येतो, ‘सुटला का मंग?’ आणि इथे माझा सगळा संयम संपतो. या कथनाचा ठरलेला शेवट अटक हा आहे. आरोपीच्या तोंडाला काळा कपडा, पोलिसांच्या कौशल्याला सलाम, भाग समाप्त. दोषारोपपत्र, साक्षी, उलटतपासणी, हायकोर्ट, सगळं गायब. ‘देवमाणूस’ २०२० मध्ये घराघरांत शिरली तेव्हा वाईचा खटला निकाली निघालेला नव्हता. मानवतमध्ये नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात दहा खून झाले. ज्या दोघांना महाराष्ट्रानं सूत्रधार मानलं ते उत्तमराव आणि रुक्मिणी शेवटी सुटले. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी माफीच्या साक्षीदाराच्या बोलण्याला दुसऱ्या पुराव्याचा आधार हवा हे तत्त्व लावून धरलं, आणि तो निकाल वकिलीच्या पोरांना आजही वाचावा लागतो. खुनाच्या गोष्टीत यापेक्षा थरारक काय असतं? अख्ख्या राज्याची खात्री एका बाजूला आणि कागदावरचा पुरावा दुसऱ्या बाजूला. पण या भागाला मागे वाजवायला संगीत सापडत नाही.

कुणी म्हणेल, ऐकणाऱ्यालाच फाशी हवी असते, तो काय करणार? हो, पानठेल्यावर ‘चौकात लटकवा’ हे मीही रोज ऐकतो. ही मागणी नवी नाही. १९५९ मध्ये मुंबईत आहुजाच्या खुनाबद्दल चाललेल्या नानावटी खटल्याच्या वेळी करंजियांचा ‘ब्लिट्झ’ चार आण्यांऐवजी दोन रुपयांना खपला, रस्त्यावर नानावटी पिस्तुलं आणि आहुजा टॉवेल विकले गेले, ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं नानावटींना निर्दोष ठरवलं. हायकोर्टानं तो कौल उलटवला आणि ज्युरीची पद्धत पुढे फार टिकली नाही. तेव्हा निदान ज्युरीची माणसं मोजकी होती आणि मुंबई अफाट होती. तालुक्याच्या गावात भाग ऐकणाऱ्यांमध्ये खटल्यातला साक्षीदार असतो, पंच असतो, मेलेल्याचा चुलता असतो, आरोपीची बहीण असते. पंचनाम्यावर सही केलेला माणूस दोन वर्षांनी कोर्टात उभा राहतो तेव्हा त्याला आठवतं ते त्यानं पाहिलेलं की त्यानं ऐकलेलं? पुण्याच्या स्टुडिओत बसून मेलेल्या माणसाला संवाद देणाऱ्याला या प्रश्नाशी काही देणंघेणं नसतं. कायदाही त्याला फारसा अडवत नाही. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बाईचं नाव सांगता येत नाही. नुसत्या खुनात मेलेल्याचं नाव, गाव, फोटो, लग्नातला व्हिडिओ, सगळं मोकळं.

‘आम्ही जनजागृती करतो’ हे त्यांचं उत्तर मी बरेचदा ऐकलं आहे. कसली जागृती? भावाभावांच्या वाटणीत मोजणी कशी मागायची हे कुठल्या भागात सांगितलं? नवऱ्याच्या माराबद्दल तक्रार नोंदवून घेत नसतील तर कुणाकडे जायचं? १ जुलै २०२४ पासून खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं, हेसुद्धा निवेदकांच्या गावी नाही. आमच्याकडचे लोक ‘तीनशे दोन’ म्हणतात ते सवयीनं, आणि हे म्हणतात ते न वाचल्यानं. ‘सावध राहा’ एवढ्या दोन शब्दांत यांची जागृती संपते आणि जाहिरात सुरू होते.

ज्या ‘सीरियल’ पॉडकास्टनं २०१४ मध्ये या प्रकाराला जगभर प्रतिष्ठा दिली त्यावरही मला हेच म्हणायचं आहे, जरी त्याची कारागिरी फार वरची आहे. सारा कोएनिगनं शंका घ्यायला शिकवलं, खटला पुन्हा उघडायला भाग पाडलं. आणि त्या खटल्यातल्या मारल्या गेलेल्या मुलीचा भाऊ २०२२ मध्ये बाल्टिमोरच्या कोर्टाला व्हिडिओवरून सांगत होता, की आपल्यासाठी हा पॉडकास्ट नाही. जगभरच्या लाखो श्रोत्यांमधला तो एकटा त्या गोष्टीच्या गावचा होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मी मागे घेणार नाही. पुसदच्या खुनाचा भाग करायचा असेल तर तो पुसदच्या एसटी स्टँडवर, दुपारच्या गर्दीत, स्पीकरवर लावता आला पाहिजे, मेलेल्याचे आणि मारणाऱ्याचे नातेवाईक तिथे उभे आहेत असं समजून. शेपूट घालून सगळं गुळगुळीत करा, असा याचा अर्थ नाही. कस्तुरबानगरच्या बायकांनी काहीच गुळगुळीत केलं नव्हतं. जात सांगा, जमीन सांगा, पोलिसांनी तक्रार का घेतली नाही ते सांगा, आणि आरोपी सुटला असेल तर तो का सुटला हे अटकेइतकाच वेळ घेऊन सांगा. नागपूर खंडपीठाचे निकाल हायकोर्टाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. सत्र न्यायालयातली साक्ष, बंद खोलीतला खटला नसेल तर, कुणालाही मागच्या बाकावर बसून ऐकता येते. तिथे तिकीट नाही. मराठीतल्या किती गुन्हे-निवेदकांनी आजवर एक पूर्ण उलटतपासणी बसून ऐकली आहे, ते त्यांनीच सांगावं.