जिद्द की सोबत? : ‘चाकाची खुर्ची’ पुन्हा वाचताना

मणक्याला मार बसून कमरेखालचे अंग गेलेल्या माणसाविषयी आपण दोनच प्रकारे बोलतो : ‘बिचारा!’ नाही तर ‘काय जिद्द!’ नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाचे कौतुकही बहुधा दुसऱ्याच प्रकारचे होते. मीही अनेक वर्षे ते पुस्तक तसेच वाचले.

कन्हानला आमच्या वस्तीतला एक जण कोळशाच्या ट्रकवरून पडला आणि अंथरुणाला खिळला. धीर यावा म्हणून मी त्याला हे पुस्तक दिले. आठवड्याने परत करताना तो म्हणाला, “पुस्तक चांगलं हाय भाऊ. पन तिले बाबूकाका भेटले. माह्याकडे कोन येते?”

या प्रश्नामुळे मी पुस्तक पुन्हा उघडले. ऐन तारुण्यात पाय गेलेल्या, जगणे नकोसे झालेल्या मुलीच्या आयुष्याला वळण मिळते ते बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने. ते स्वतः चाकाच्या खुर्चीत होते, व्यवसाय करीत होते, हातांनी चालवता येईल अशी मोटार चालवीत होते. धीराचे शब्द घरचेही देत असतात. ‘असेही जगता येते’ याचा पुरावा मात्र तसे जगणाराच देऊ शकतो. पुढे शिक्षण, केंद्रीय अबकारी खात्यातली नोकरी आणि 1984 साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ची उभारणी. इथे मदत घेणारी व्यक्ती मदत देणारी होते. माझ्या मते मन सावरण्यातला हाच कळीचा टप्पा आहे आणि ‘जिद्द’ या एका शब्दाखाली आपण तोच झाकून टाकतो.

शास्त्रीय अभ्यासाचेही आपण असेच करतो. ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा 1978 सालचा अमेरिकेतला अभ्यास ‘माणूस कशाशीही जुळवून घेतो’ हे सांगायला वापरला जातो. त्यात अपघाताने लुळे पडलेले 29 जण होते. पाचपैकी त्यांच्या सुखाची सरासरी 2.96 आली, इतरांची 3.82. म्हणजे ते अपेक्षेइतके दुःखी नव्हते, पण फरक होताच. शिवाय ते पुनर्वसन केंद्रात उपचार घेणारे होते. भोवती तज्ज्ञ आणि समदुःखी माणसे असलेल्यांचे उत्तर मागच्या खोलीत एकट्या पडलेल्याला कसे लावायचे?

डॉ. लुडविग गुटमन यांनी हे ओळखले होते. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे 1944 साली त्यांनी मणक्याच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला आणि 1948 साली अवघ्या 16 स्पर्धकांचे सामने भरवले. औषधोपचाराइतकेच महत्त्व त्यांनी काम, खेळ आणि सोबतीला दिले. आपल्याकडे जखमी सैनिकांसाठी खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. ट्रकवरून पडलेल्या मजुराच्या वाट्याला बहुतेकदा बायकोचे दोन हात येतात, आणि सुरुवातीचे काही दिवस भेटायला येणारी माणसे.

म्हणून ‘चाकाची खुर्ची’ अपंगांनी स्फूर्तीसाठी वाचावे, याआधी धडधाकट माणसांनी हिशेबासाठी वाचावे, असे मला वाटते. कोण, कधी, काय घेऊन आले, आणि कोण आलेच नाही, याचा तो हिशेब आहे.

कामठीला तीनचाकी स्कूटर चालवणारे एक गृहस्थ मला चौकशीअंती सापडले. गेल्या महिन्यात मी त्यांना आमच्या वस्तीत घेऊन आलो. दोघे तासभर बोलत होते. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो.