दोन खेळ आणि कॅमेऱ्याची जागा

दूरचित्रवाणीवरील खेळांच्या कार्यक्रमांकडे आपली समीक्षा करमणुकीचा एक किरकोळ प्रकार म्हणूनच पाहत आली आहे. सूत्रसंचालक व बक्षिसे यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. दिग्दर्शनाविषयी मात्र क्वचितच. नाटकाचा विचार करताना नेपथ्य व प्रकाशयोजना यांची आवर्जून दखल घेणारा अभ्यासकदेखील येथे कॅमेरा कोठे उभा आहे आणि तेथेच का, हे विचारीत नाही. वस्तुतः सामान्य माणूस पडद्यावर कोणत्या रूपाने दिसावा हे त्या जागेवर अवलंबून असते. ‘कोण होणार करोडपती’ व ‘होम मिनिस्टर’ या दोन परिचित कार्यक्रमांची तुलना आम्ही येथे याच एका दृष्टीने करू इच्छितो.

पहिल्याचा आराखडा परदेशी आहे. इंग्लंडमध्ये 1998 साली सुरू झालेला खेळ 3 जुलै 2000 रोजी अमिताभ बच्चन यांच्यासह ‘कौन बनेगा करोडपती’ या नावाने हिंदीत आला. 2013 साली सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली तो ‘कोण होईल मराठी करोडपती’ झाला, आणि 2019 साली नागराज मंजुळे यांनी ‘कोण होणार करोडपती’ची सूत्रे हाती घेतली. मध्यभागी समोरासमोर दोन आसने, भोवती अंधारात बसलेले प्रेक्षक, प्रश्नाबरोबर खाली झुकणारे प्रकाशझोत, हा सारा थाट तोच राहिला. मूळ इंग्रजी कार्यक्रमात तर प्रश्नागणिक पार्श्वसंगीत अर्ध्या स्वराने चढविण्याची योजना होती. कॅमेरा प्रथम उंचावरून सारे वर्तुळ दाखवितो. रक्कम वाढू लागली की तो स्पर्धकाच्या चेहऱ्याजवळ सरकतो.

या दिग्दर्शनाची खरी कला थांबण्यात आहे. उत्तर निश्चित केल्यावर ते बरोबर की चूक हे तत्काळ सांगितले जात नाही. त्या अवकाशात स्पर्धकाचे कपाळ, सूत्रसंचालकाची स्थिर नजर आणि प्रेक्षकांत बसलेल्या आप्ताचे जोडलेले हात अशी तीन समीपदृश्ये एकामागून एक येतात. आरंभीच्या प्रश्नांना घड्याळ असते. मोठ्या रकमेच्या प्रश्नांना ते नसते. त्यामुळे विचार करणाऱ्या माणसाचे मौन हेच येथे नाट्य ठरते. शिवाय हा प्रकाश सर्वांवर सारखाच पडतो. 2019 साली अमरावती जिल्ह्यात शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या बबिता ताडे यांनी हिंदी कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकले. त्यांच्यासाठी आसन वेगळे नव्हते की चित्रचौकटही वेगळी नव्हती. ही समता या पद्धतीचे मोठे बळ आहे. तिचे उणेपण असे की, तेथे येणारा प्रत्येकजण प्रथम परीक्षार्थी होतो. त्याचे गाव व घर आधी चित्रित केलेल्या लहानशा फितीपुरतेच उरते.

निपाणीसारख्या गावी हे उणेपण अधिक ठळक दिसते. 1956 पासून येथील मराठी घरांस मराठी व कन्नड या दोन्ही भाषांच्या शेजारात राहावे लागले आहे. पुनीत राजकुमार यांनी 2012 साली ‘कन्नडद कोट्यधिपती’ सुरू केला, तेव्हा वाहिनी बदलणाऱ्या येथील प्रेक्षकास भाषा बदललेली ऐकू येई. पण प्रकाश, आसने व कॅमेऱ्याची चाल तीच दिसे. ज्या दोन भाषांचा वाद न्यायालयापर्यंत गेला, त्यांना पडद्यावर एकच दृश्यभाषा मिळाली, आणि ती दोघींपैकी कोणाचीच नव्हती! अशा रचनेत प्रदेशाचा ठसा उमटतो तो बोलण्यातूनच. मंजुळे यांच्या बोलीतील ग्रामीण सूर म्हणूनच आम्हांस मोलाचा वाटतो.

‘होम मिनिस्टर’ची रीत याच्या उलट होती. 2004 साली सुरू होऊन दीर्घकाळ चाललेल्या या कार्यक्रमात ‘भावोजी’ आदेश बांदेकर स्पर्धक स्त्रीच्या घरी जात. खेळ सोपे असत आणि बक्षीस पैठणीचे. येथे चौकट आधी ठरविता येत नाही. अरुंद खोली, दारात दाटलेल्या शेजारणी, कमीअधिक उजेड, यांतून कॅमेऱ्याने वाट काढावयाची. चित्र कधी हलते, कधी कोणाच्या खांद्याआड जाते. परंतु या अव्यवस्थेतच एक सौजन्य आहे. सूत्रसंचालक येथे पाहुणा असतो व घर तिचे असते. जी स्त्री स्टुडिओतील आसनावर अवघडून बसली असती, ती येथे मोकळेपणाने हसते, नवऱ्याची थट्टा करते.

मात्र चालत गेलेला हा कॅमेरा थांबावयास शिकला नाही. बोलता बोलता तिच्या आयुष्यातील एखादी कठीण गोष्ट ओठांवर येते, आणि तोच संगीत वाजते व पुढचा खेळ सुरू होतो. असे पुष्कळदा घडे. तिचे संसारातील कौतुक दिसते. तिच्या श्रमांची कहाणी अर्ध्यावर राहते.

या दोन्ही रीतींना मोजावयाचे एक माप निपाणीतच सापडते. 1982 साली ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने, दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली, येथील तंबाखू कामगार स्त्रियांवर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा कृष्णधवल माहितीपट केला. तेथे कॅमेरा कामगारांच्या जागी गेला आणि त्यांचे म्हणणे पुरे होईपर्यंत थांबला. त्या स्त्रिया परीक्षार्थी नाहीत व कोणाच्या वहिनीही नाहीत. आपल्या कामाविषयी व संघटनेविषयी अधिकाराने बोलणाऱ्या व्यक्ती आहेत. माहितीपटाचे प्रयोजन खेळाहून निराळे, हे आम्हांस मान्य आहे. खेळाने रंजन करावे, हे त्याचे कामच होय. तथापि रंजन करतानाही माणसाचे वाक्य पुरे होऊ देता येते.

एका खेळाने मौनाला अवसर दिला, पण माणसास त्याच्या घरातून उचलून आणले. दुसरा त्याच्या घरी गेला, पण त्याचे ऐकून घेण्याइतका तेथे थांबला नाही. निव्वळ कौशल्याच्या दृष्टीने पहिला श्रेष्ठ, मनाच्या मोकळेपणात दुसरा, असा आमचा निर्णय आहे. मराठीत यापुढे जो दिग्दर्शक या दोन गुणांचा मेळ घालील, त्याच्या कार्यक्रमात तंबाखूच्या वखारीत राबणारी किंवा विड्या वळणारी बाई आपल्या बोलीत उत्तर देईल. आणि ते बरोबर आले की चुकले, याहून ती काय बोलली हे प्रेक्षकांच्या अधिक स्मरणात राहील.