मध, पाणी आणि एक स्पंद

शोधनिबंधाचं रसग्रहण करावं, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. आकडे उतरून घ्यायचे, संदर्भसूचीत नाव टाकायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच त्याच्या नशिबी असतं. पण १९९१ साली ‘जर्नल ऑफ मायक्रोवेव्ह पॉवर अँड इलेक्ट्रोमॅग्नेटिक एनर्जी’त आलेला एक निबंध त्याच्या पद्धतीच्या देखणेपणासाठी वाचावा असा आहे. लेखक एस. एम. पुराणिक, ए. सी. कुंभारखाने आणि एस. सी. मेहरोत्रा. ठिकाण औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ. शहराचं नाव तेव्हा बदललेलं नव्हतं आणि विद्यापीठाचा नामविस्तारही १९९४ मध्ये व्हायचा होता. विषय मध आणि पाणी यांच्या मिश्रणाचे विद्युत गुणधर्म, १० मेगाहर्ट्झपासून १० गिगाहर्ट्झपर्यंत.

आधी हा पल्लाच पाहा. खालच्या टोकापेक्षा वरचं टोक हजार पटीनं मोठं. जुन्या रीतीनं एवढा पल्ला गाठायचा तर एकेका वारंवारितेवर थांबून मोजावं लागे, आणि पट्टा बदलला की लहरी निर्माण करणारा स्रोत नि त्या वाहून नेणारी नळीही बदलावी लागे. औरंगाबादच्या गटानं काळाच्या अंगानं वाट काढली. काही दशक पिकोसेकंदांत ताडकन चढणारा विद्युतदाब ५० ओहमच्या कोअॅक्सिअल मार्गातून सोडायचा आणि टोकाशी ठेवलेल्या द्रवावर आपटून तो कसा परततो, ते टिपायचं. इतक्या तीव्र चढणीत साऱ्या वारंवारिता एकदमच सामावलेल्या असतात. माठ घेताना आपण एक टिचकी मारतो आणि त्याचा सगळा नाद एका दमात ऐकतो, तसंच हे. सॅम्पलिंग ऑसिलोस्कोप तो स्पंद पुन्हापुन्हा सोडून बिंदू-बिंदूनं आलेख भरतो, हे खरं. तरी हे सगळं काही क्षणांत उरकतं.

या पद्धतीतली मला सर्वांत आवडलेली जागा गणिताची आहे. आधी रिकाम्या पात्राचा परतीचा स्पंद नोंदवायचा, मग भरलेल्या पात्राचा. या दोन नोंदींची एकदा वजाबाकी करायची, एकदा बेरीज. वजाबाकीत उरतं ते द्रवानं केलेलं काम. बेरीज त्याला मापाचा आधार देते. दोन्हींचं फूरिए रूपांतर करून भागाकार केला की वर्णपट हाती येतो. वजाबाकीचा आलेख शेवटी शून्यावर येतो, म्हणून तिथे साधी बेरीजपद्धत चालते. बेरजेचा आलेख वरच अडून राहतो, म्हणून त्याला सॅम्युलनची रीत लावावी लागते. शेवटी गुणधर्म आधीच ठाऊक असलेले द्रव मोजून उपकरणाच्या चुका धुऊन काढायच्या. कुठेही दिमाख नाही, आणि एकही पायरी वगळता येत नाही.

आता मधच का? शुद्ध पाण्याचे रेणू २५ अंश सेल्सिअसला सुमारे ८ पिकोसेकंदांत दिशा बदलतात. त्यामुळे पाण्याच्या शोषणाचा उंचवटा १९ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे या खिडकीच्या बाहेर पडतो. मधात फ्रुक्टोज आणि ग्लुकोज पाण्याला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात, त्याची हालचाल मंदावते आणि तो उंचवटा खाली सरकत खिडकीत येतो. पाणी वाढवत गेलं की तो पुन्हा वर चढू लागतो. मधातल्या पाण्याचं प्रमाण हा तर बाजाराचाही प्रश्न. भारतीय मानकांत त्याची कमाल मर्यादा २० टक्के आहे. उपकरणाच्या मर्यादेत बरोबर बसणारा आणि व्यवहाराशीही नातं असणारा नमुना निवडणं, यात लेखकांची जाण दिसते.

मर्यादाही सांगायला हवी. स्पंदाची चढण जितकी तीव्र, तितकी वरची वारंवारिता गाठता येते. परतीचा स्पंद जितका वेळ ऐकावा, तितका वर्णपट बारीक होतो. द्रवात रेणू एकमेकांना खेटून असतात, उंचवटा पसरट असतो, म्हणून काही नॅनोसेकंद ऐकणं पुरतं. विरळ वायूची गोष्ट वेगळी. तिथे रेणू मोकळा फिरतो आणि केसासारख्या बारीक रेषा उमटतात. कार्बन मोनॉक्साइडची पहिली रेषा ११५.२७ गिगाहर्ट्झला, थेट मिलिमीटर लहरींच्या प्रदेशात. अशी रेषा स्वच्छ दिसायला मायक्रोसेकंदांचं ऐकणं लागतं. मेहरोत्रांना हा प्रदेश परका नव्हता. १९८५ मध्ये जर्मनीतल्या कीलचे एच. मेडर आदींसोबत त्यांनी कार्बोनिल सल्फाइड वायूच्या रेणूंचं घूर्णन-शिथिलन अभ्यासलं होतं.

त्या प्रदेशातही वेग आला तो याच विचारानं. व्हर्जिनिया विद्यापीठात ब्रूक्स पेट यांच्या गटानं २००८ मध्ये सविस्तर मांडलेल्या तंत्रात सुमारे एका मायक्रोसेकंदात वारंवारिता सरसर चढवत नेणारा स्पंद ११ गिगाहर्ट्झचा पट्टा एकदम चेतवतो, आणि मग रेणू जे परत देतात ते ऐकलं जातं. २०११ मध्ये एमआयटीच्या गटानं हेच तंत्र ७० ते १०२ गिगाहर्ट्झपर्यंत नेलं. उपकरणं निराळी, नमुनेही निराळे. पण किती रुंद विचारायचं आणि किती वेळ ऐकायचं, हे दोन प्रश्न तेच. मध-पाण्याच्या प्रयोगातली बेरीज-वजाबाकी ज्याला नीट उमगली, त्याला नव्या यंत्राचं वर्णन वाचताना निम्मा रस्ता ओळखीचा लागेल. एमएस्सीच्या वर्गात हा निबंध लावावा तो यासाठीच.