भिंतीवरचं परकं रान

रावेत, मोशी, चाकण इथल्या नव्या गृहसंकुलांचे सँपल फ्लॅट पाहत गेलं, तर बैठकीच्या एका भिंतीवर हिरवं रान हटकून भेटतं. मॉन्स्टेराची भोकं पडलेली पानं, धुक्यातले पाइन, गुलाबी फ्लेमिंगो. रोहित पक्षी आपल्याकडे भिगवणला, उजनीच्या पाण्यावर येतातच. पण भिंतीवरचा तो गडद गुलाबी पक्षी उजनीचा नाही, कॅरिबियन बेटांवरचा आहे. छापणाऱ्यानं चित्र संगणकावरून घेतलं, भिंतीच्या मापाला ताणलं आणि चौरस फुटाच्या दरानं विकलं. छपाई चोख असते, रंगही टिकतात. उणीव आहे ती रेखाटणाऱ्याची: या रानाकडे कुणी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही.

निसर्ग घरात आणण्याची ही हौस जिथून फोफावली, त्या व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस या नक्षीकारानं नेमकं हे पाहण्याचं काम केलं. 'ट्रेलिस' हा वॉलपेपर त्यानं 1862 मध्ये रेखाटला, तो स्वतःच्या बागेतल्या गुलाबाच्या मांडवावरून. त्यातले पक्षी मित्र फिलिप वेबनं काढले. 1887 च्या 'विलो बाव'मधली पानं टेम्सकाठच्या केल्मस्कॉट या गावच्या झाडांची. झाडाची हुबेहूब नक्कल करायची नाही, पण झाड कसं वाढतं, फांदी कुठे वळते, पान देठाला कसं धरून असतं, हे रेषेत उतरलं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

त्याला तंत्राचीही तितकीच शिस्त होती. सुरुवातीला जस्ताच्या पत्र्यांवरून स्वतः छापून पाहिलं, जमलं नाही; मग काम लंडनच्या जेफ्री अँड कंपनीकडे गेलं. नाशपातीच्या लाकडाचे ठसे कोरायचे. नाजूक रेषांसाठी लाकडात पितळी पट्ट्या बसवायच्या, मोठ्या रंगक्षेत्रांत नमदा भरायचा, म्हणजे रंग सारखा उतरतो. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. एक रंग वाळला की पुढचा. कोपऱ्यातल्या टाचण्यांच्या खुणांवर ठसा टेकवून रजिस्टर, म्हणजे रंगावर रंगाची नेमकी जागा, जुळवायचं. मॉरिसच्या 'अकँथस' वॉलपेपरला 30 ठसे लागले. सेंट जेम्स राजवाड्यासाठी 1881 मध्ये केलेल्या कागदाला 68. खरी कसोटी 'रिपीट'ची. एकच तुकडा भिंतभर येतो, पण त्याची शिवण डोळ्याला सापडता कामा नये. आजच्या फोटो-भित्तिचित्रात रिपीटच नसतं, म्हणून ही विद्या आपोआप लयाला चालली आहे.

मॉरिसला देव्हाऱ्यात बसवण्याचं मात्र कारण नाही. त्या काळच्या हिरव्या रंगांत आर्सेनिक असे, 'ट्रेलिस'च्या जुन्या नमुन्यातही ते सापडलं आहे. आणि आर्सेनिक काढणाऱ्या डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स या खाण कंपनीचा तो काही वर्षं संचालक होता. रसायनं आणि कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या पट्ट्यानं हे विशेष ध्यानात ठेवावं.

आता आपल्या मुलखाकडे. अजिंठ्याच्या पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यांची छतं पाहा. चौकटी पाडून त्यांत कमळं, फळं, हंस, गुंतागुंतीच्या वेली. आखणी एकच, पण चौकटीगणिक फूल बदलतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थ्यांकडून या चित्रांच्या प्रती करवल्या. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांतले. लंडनला पाठवलेल्या प्रतींपैकी कितीतरी तिथल्या 1885 च्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ 1896-97 मध्ये निघाला. त्याच शाळेतल्या हातांनी व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडात पानं, प्राणी आणि पक्षी कोरले. परक्यांची सत्ता होती, गॉथिक कमानी परक्या होत्या, तरी नजर पानावर होती. आज इमारतही आपली, पैसाही आपला आणि पानं मात्र उसनी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रस्त्यावर वारली आहे, असं कुणी म्हणेल. उड्डाणपुलांच्या खांबांवर, सोसायट्यांच्या कुंपणांवर तारप्याचा नाच दिसतो खरा. पण वारली बायकांच्या हाताखाली लग्नाचा चौक तांदळाच्या पिठानं उभा राहतो. जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा कागदावर आणली, तेव्हाही तिच्यात शेत, मासळी, मुंग्या जिवंत होत्या. स्टेन्सिलनं खांबावर उठवलेल्या माणसांत त्यातलं थोडंच उरतं. ही सजावट आहे, वाईट नाही, पण आकृतिबंधाचा विचार तिच्यात नाही.

या पट्ट्यात नेमकी कशाची वाण आहे? साधनांची नाही. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये मायक्रॉनमध्ये डाय बनते. लाकडाचा ठसा कोरून देणं त्यांच्या सीएनसी यंत्रांना अवघड नाही. रजिस्टर जुळवणं ऑफसेट छापखान्यांना रोजचं आहे. आकुर्डीत उपयोजित कलेचं शिक्षण मिळतं. चित्र काढायला निगडीची दुर्गा टेकडी आहे, भामचंद्राचा डोंगर आहे, इंद्रायणीकाठचे उंबर आणि करंज आहेत. उन्हाळ्यात बहावा फुलतो, काटेसावरीचा कापूस उडतो, करवंदं पिकतात. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांना रेषा येत नाही, रेषा येते त्यांना यंत्रापर्यंत कुणी नेत नाही. आणि बांधकाम व्यावसायिकाला कॅटलॉगमधून निवडणं सोपं जातं.

म्हणून विनंती सरळ आहे. कलाशिक्षकांनी एका वर्षाच्या विद्यार्थ्यांना टेकडीवरचं एकच झाड द्यावं, रंग चार, मापाची चौकट एक, आणि रिपीट हातानं सोडवायला लावावं. टूलरूमवाल्यांनी त्याचे ठसे कोरून द्यावेत. आणि मोशी-चाकणच्या एखाद्या बिल्डरनं पुढच्या सँपल फ्लॅटची एक भिंत या मुलांच्या करवंदीच्या जाळीसाठी राखून ठेवावी.